शिट्टीबाईंचा उजवा हात

आमच्या वहिनीला तलावावर सगळे शिट्टीबाई म्हणायचे. गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी तिथल्या प्रत्येक जीवरक्षकाकडे असायची, पण वहिनीची वाजली की पाण्यातली पोरं जागच्या जागी थिजायची. काठावरून पळणारी चालायला लागायची, एकमेकांची डोकी बुडवणारी एकदम सभ्य व्हायची, आणि खोल बाजूला कठड्याला लटकून गप्पा छाटणारे काकालोकही उगाच चार हात मारल्यासारखं करायचे. सार्वजनिक तलाव होता तो, उंच पत्र्याच्या छपराखालचा. दारातून आत शिरलं की नाकाला झोंबणारा क्लोरीन, ओल्या फरशीवर सपातांचा चपकचपक आवाज, आणि लोखंडी उंच खुर्चीवर लाल टी-शर्टमधली वहिनी. सकाळी खुर्चीवर बसून पाण्यावर नजर ठेवायची आणि दुपारी बायकांच्या नि मुलांच्या तुकड्यांना शिकवायचं, असं तिचं दुहेरी काम होतं.

मी तिची धाकटी नणंद. दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते आणि पाण्याला मांजरासारखी भ्यायचे. नवी वहिनी घरात आल्यावर माझे लाड करील अशी माझी समजूत होती. तिने महिन्याभरात मला तलावात कमरेइतक्या पाण्यात नेऊन उभं केलं. म्हणाली, "छोटे, पाणी काही तुझ्यावर रागावलेलं नाही. अंग सैल सोड." माझ्या पाठीखाली तिचा उजवा तळवा होता. तो तिने कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही, आणि मी तरंगत होते. तेव्हापासून आमचं गूळपीठ जमलं. पुढे माझं लग्न झालं, चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, आणि घर मिळालं तेही दादा-वहिनीच्या इमारतीतच, एक मजला खाली. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

चाळिशी ओलांडल्यावर एकदा आंघोळ करताना तिच्या उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. तिने त्याच आठवड्यात डॉक्टर गाठला. वहिनी तशी धडाडीची. दात दुखला तरी आधी अपॉइंटमेंट घेऊन मग घरी सांगणारी. ऑपरेशनमध्ये तो स्तन काढला, काखेतल्या ग्रंथीही काढल्या. मग केमो झाली, केस गेले, केस आले. मग रेडिएशन. छातीची नि काखेजवळची कातडी आधी लाल झाली, मग करपल्यासारखी काळवंडली, सोलली आणि हळूहळू निवली. या सगळ्यात ती रडली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा दादाने केलेल्या चहावरून. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्रांत त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण त्याचा चहा म्हणजे गरम पाण्याला दिलेली धमकी.

पुढच्या वर्षी ती कामावर परतली. तलावाच्या साहेबांनी केक आणला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. जो तो म्हणायचा, "सुटलात बाई!" तीही म्हणायची, "सुटले." पोहायच्या पोशाखाला आतून खिसा शिवून तिने त्यात फोमचा पॅड बसवला होता. एकदा त्या खिशाची शिवण उसवली. पॅड बाहेर निसटला आणि तरंगत तरंगत उथळ बाजूला गेला. एका चिमुरडीने तो उचलून डोक्यावर धरला. "बाई, तुमचा स्पंज!" काठावर बसलेल्या आया नुसत्या दगड झाल्या. वहिनी शांतपणे म्हणाली, "आण इकडे. त्याला पोहता येतं, म्हणून तो फिरतोय. तुला अजून येत नाही, तू काठ धर." आधी एक आई हसली, मग सगळ्याच. हा किस्सा वहिनी स्वतःच रंगवून सांगायची.

बारीकसारीक काही राहिलं होतं, ते आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. दंडाच्या आतल्या बाजूला तिला बधिरपणा होता. एकदा इस्त्री करताना गरम पत्रा त्या जागी टेकला आणि तिला पत्ताच नाही. मी ओरडले तेव्हा तिने खाली पाहिलं. छातीची कातडी हाडाला चिकटल्यासारखी ताठ झाली होती. ती म्हणायची, आतून कुणीतरी एक नंबर लहान कपडा घातल्यासारखं वाटतं. पण केस वाढले होते, तपासण्या स्वच्छ येत होत्या. पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी हात मिळवला. त्या दिवशी दादा घरी आला तो हातात मिठाईचा खोका घेऊन.

त्यानंतरच्या वर्षी वहिनीचं घड्याळ उजव्या मनगटावरून डाव्यावर गेलं. ती पहिल्यापासून उजव्या हातात घड्याळ घालणारी. मी विचारलं, तर म्हणाली, "पट्टा आखडलाय." मग तिने केस कापून अगदी आखूड केले, धुवायला बरे म्हणाली. मग वरच्या फळीवरचे डबे खालच्या फळीवर आले. या सगळ्यांमागे एकच कारण असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. पुढे एकदा मी वर गेले, तर ती कामाच्या ट्रॅकसूटची उजवी बाही शिवणीतून उसवत बसलेली. डावी बाही जशीच्या तशी.

मी तिचा हात धरला. जड होता, ओल्या टॉवेलसारखा. माझा अंगठा जिथे दाबला गेला तिथे खळी पडली आणि तशीच राहिली.

"हे काय गं?"

"क्लोरीनने सुजतो."

"मग डावा का नाही सुजला?"

"डावा पहिल्यापासून आळशी आहे," ती म्हणाली आणि हात काढून घेतला. मी दादाला सांगते म्हटल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखत होते. तलावावर दंगा करणाऱ्या पोरांकडे ती तशी बघायची. "छोटे, हे माझं अंग आहे. वयाचं आहे सगळं. तू चष्मे विक."

मी गप्प बसले. दादाला नि त्यांच्या कॉलेजातल्या लेकीलाही काही दिसत नव्हतं, कारण ऑपरेशनपासून ती दार लावून कपडे बदलायची आणि घरातही लांब बाह्यांचं घालायची. दादा कधी विचारायला गेला नाही. त्याला वाटायचं, न विचारणं म्हणजेच मान राखणं.

मग एका दुपारी ते घडलं. बायकांची तुकडी होती. त्यात बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चांगल्या धिप्पाड. त्या तरंगायला शिकल्या होत्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कठड्याकडेने खोल बाजूला निघाल्या होत्या. वहिनी काठावरून त्यांच्या सोबतीने चालत होती. मध्येच त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, हातातला कठडा सुटला, आणि पाय टेकायला बघतात तर तळ नाही. त्या घाबरून हातपाय झाडायला लागल्या. वहिनीने उडी मारली. असल्या उड्या तिने आयुष्यभर मारलेल्या. मागून जायचं, काखेतून हात घालायचा, हनुवटी पाण्यावर धरायची आणि पाठीवर पोहत काठाला आणायचं. ती मागून गेली, डाव्या हाताने पकडही घेतली. पण बाई वळल्या. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो. त्यांनी वहिनीचा उजवा खांदा धरला आणि नखं रुतवून वर चढायला बघितलं. वहिनीने उजवा हात वर करून त्यांना दूर लोटायचं ठरवलं, आणि हात वर गेलाच नाही. खांद्याच्या खाली कुठेतरी अडकला. दोघी पाण्याखाली गेल्या.

पलीकडच्या काठावर दुसरा जीवरक्षक होता. बुटका, रुंद, वहिनीच्याच वयाचा. त्याच्या उडीवरून त्याला सगळे बेडूक म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्याने सूर मारून तलाव ओलांडला, आधी बाईंना सोडवून काठाला लावलं आणि परत फिरला, तोवर वहिनी आपली आपण वर आली होती, खोकत. हे सगळं इतक्या पटकन झालं की बाकीच्या बायकांना कोणी कोणाला काढलं तेच समजलं नाही. बँकेच्या बाई फरशीवर बसून रडत होत्या आणि वहिनीचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, "तुम्ही होतात म्हणून वाचले हो!" वहिनी काही बोलली नाही. बेडूकही काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला दुकानात तिचा फोन आला. आवाज थरथरत होता. "छोटे, वर ये जरा. मला उठवत नाहीये." मी धावत घरी आले, तर ती दोन रजया घेऊन कुडकुडत होती. उजव्या दंडावर नखांचे चार ओरखडे, आणि तिथून मनगटापर्यंत हात लालबुंद, तव्यासारखा तापलेला. मी दादाला फोन केला आणि तिला टॅक्सीत घातलं. इस्पितळात डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. हातात जंतुसंसर्ग पसरला होता. डाव्या हातात सलाइन लावून त्यातून औषध सुरू केलं.

दादा औषधं आणायला खाली गेला तेव्हा वहिनी छताकडे बघत म्हणाली, "परत आलंय."

"काय परत आलंय?"

"तेच." तिने डोळे मिटले. "दोन वर्षं झाली हात सुजायला लागून. खांदा त्याच्याही आधीपासून. मागच्या तपासणीला मी गेलेच नाही. तुम्हाला सांगितलं की तपासतील, आणि तपासलं की सापडेल. म्हटलं, लेकीची परीक्षा होऊन जाऊ दे. मग म्हटलं, तिला नोकरी लागू दे."

दोन वर्षं ही बाई रोज खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या पोरांवर नजर ठेवत होती, आणि मनातल्या मनात आपल्या मरणाची तारीख पुढे ढकलत होती.

ताप उतरल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या. निकाल सांगायला आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि खुर्ची ओढून समोर बसून बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "कॅन्सर कुठेही दिसत नाही. हे उपचारांमुळे झालेलं आहे. काखेतल्या ग्रंथींतून हातातलं पाणी वाहून जातं. त्या आपण काढल्या. ज्या वाटा उरल्या होत्या त्या रेडिएशनने आखडल्या. त्यामुळे पाणी हातातच साठतं. कुणाला लगेच होतं, कुणाला पाच-सात वर्षांनी. आणि अशा हातावर साधा ओरखडा आला तरी संसर्ग भराभर पसरतो."

"आणि खांदा?" दादाने विचारलं.

"तोही त्यातलाच. रेडिएशन संपलं तरी आतले स्नायू पुढे कित्येक वर्षं घट्ट होत राहतात. व्यायामाने बराच सुटेल. पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही. छातीच्या फोटोत फुप्फुसाच्या टोकालाही थोडा व्रण आहे, म्हणून दम लवकर लागत असेल."

"आणि हात बारीक कधी होईल?" वहिनीने विचारलं.

"कमी होईल, ताब्यात राहील. जाणार नाही. रोज सांभाळावा लागेल."

मला वाटलं, वहिनी आता हुश्श करेल. दादाच्या डोळ्यांतून तर धारा लागल्या होत्या. पण वहिनी संतापली. डॉक्टरीणबाई गेल्यावर तिने उशी भिंतीवर भिरकावली, तीही डाव्या हाताने. "म्हणजे दोन वर्षं मी उगाच मरत होते? हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं असेल गं त्या वेळी," मी म्हटलं.

ती म्हणाली, "असेल. एक कागद दिला होता हाताच्या व्यायामांचा. पण त्या वेळी मला एकच ऐकायचं होतं, की मी जगणार. बाकीचं कानावरून गेलं."

मी मूर्खासारखी बोलून गेले, "मग जगलीस ना? तेच मोठं आहे."

"जगले म्हणूनच दुखतंय ना!" ती म्हणाली. "मेलेल्यांचे हात सुजत नाहीत. हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस." मी पुन्हा काढलं नाही. तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्यावर कळतं, की त्या वाक्याने समोरच्याचं तोंड बंद होतं, दुखणं नाही.

इस्पितळात बेडूक भेटायला आला. पलंगाच्या कडेला उभा राहून टोपी चुरगाळत म्हणाला, "बाई, मी कुणाला काही बोललो नाही. साहेबांनाही नाही. पाय घसरल्यासारखं झालं म्हटलं." वहिनीने त्याचे आभार मानले. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "भला माणूस आहे." म्हणजे ती ते झाकून ठेवणार होती. मला ते दिसलं, आणि मला त्यात काही गैरही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या बाई आल्या, फळांची परडी घेऊन. पुन्हा तेच, तुमच्यामुळे वाचले, माझ्या नखांनीच तुम्हाला हे झालं, मला झोप नाही. वहिनी ऐकत होती, आणि तिचा चेहरा आवळत चालला होता. शेवटी म्हणाली, "ताई, मी नाही वाचवलं तुम्हाला. माझा हात वर गेला नाही. बेडकाने काढलं तुम्हाला, आणि तुम्ही सुटलात म्हणून मी सुटले."

बाई म्हणाल्या, "अरे देवा. मग फळं त्यांना द्यायला हवी होती." वहिनीला हसू आलं, त्यांनाही आलं. मग बाईंनी साधेपणाने विचारलं, "पण मग, माझ्या जागी लहान मूल असतं आणि पलीकडे तो नसता तर?"

त्यात टोमणा नव्हता. बँकेत दिवसभर लोकांना सरळ प्रश्न विचारायची सवय, तसाच हा. बाई गेल्यावर तिने फोन मागितला आणि साहेबांना लावला.

साहेब संध्याकाळी स्वतःच आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कशाला गवगवा करता? बरं वाटलं की या. खुर्चीवरून नुसतं लक्ष ठेवायचं, शिट्टी मारायची. उडी मारायला बाकीचे आहेत."

"साहेब, वेळ आली की मग सगळेच म्हणतील की शिट्टीबाईंचं काम होतं."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा काखा वर करायच्या म्हटलं तरी मला आता एकच वर करता येते," वहिनी म्हणाली. साहेबांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांना हसावं की नाही ते कळेना. "मला खुर्चीवरून उतरवा. उथळ बाजूच्या तुकड्या ठेवा माझ्याकडे. आणि शिकवताना काठावर एक जीवरक्षक उभा पाहिजे, नाहीतर मी पाण्यात उतरणार नाही."

साहेबांनी मान्य केलं. ते गेल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि दादा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. फिजिओबाई उंच, किरकोळ आणि भारी कडक. त्यांनी सांगितलं की सुरुवातीला काही आठवडे हाताला रोज पट्ट्या बांधायच्या, बोटांपासून दंडापर्यंत, थरावर थर. बोटांकडे घट्ट आणि वर जाताना सैल, म्हणजे पाणी वर सरकतं. एका हाताने स्वतःच्या दुसऱ्या हाताला हे जमत नाही. म्हणून दादाला शिकायला बसवलं. पहिल्याच दिवशी त्याने सगळीकडे सारखीच घट्ट, सुबक गुंडाळली आणि अभिमानाने वर पाहिलं.

"ही केबल नाही," फिजिओबाई म्हणाल्या. "सोडा. परत."

त्याने सोडली, परत बांधली. परत सोडली. तिसऱ्या वेळेला वहिनी म्हणाली, "अहो, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सुटली असती एवढ्यात." पण तो चिकाटीचा. आठवड्याभरात फिजिओबाईंनी मान डोलावली. रोज सकाळी कामाला जायच्या आधी खिडकीपाशी तो तिचा हात मांडीवर घेऊन बसायचा, आधी मलम चोळायचा, कारण कातडी कोरडी पडून चिरली की पुन्हा संसर्गाची भीती, आणि मग पट्ट्या. बाही वर करावी लागायची, खांदा उघडा करावा लागायचा. इतक्या वर्षांनी त्याने तो व्रण पाहिला, काळवंडलेली कातडी, तिच्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा. मला हे वहिनीने सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, हे नजर फिरवतील. तर हे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, 'एवढंच? मी काय काय मनात आणलं होतं.' मला यांचा इतका राग आला, छोटे! म्हटलं, मग आधी बघायचं होतंत की." मग म्हणाली, "दार तर मीच लावत होते."

पट्ट्यांनंतर मापाची घट्ट बाही आली, मनगटापासून काखेपर्यंत, कातडीच्या रंगाची, म्हणजे कुणाच्याच कातडीचा नसतो त्या रंगाची. उठल्यापासून झोपेपर्यंत घालायची. तलावात उतरताना तेवढी काढायची, कारण पाण्याचाच हाताला दाब मिळतो. उकाड्यात ती बाही तिला नकोशी व्हायची. एकदा तिने ती ओढून काढली आणि कपाटाच्या मागे फेकून दिली. दादाने काही न बोलता झाडूच्या दांड्याने बाहेर काढली, धुतली, वाळत घातली.

कामावरचे पहिले दिवस जड गेले. उंच खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली, आणि वहिनी खाली, काठाच्या आत, छातीइतक्या पाण्यात. जुन्या मुलांना समजेना की बाईंना शिक्षा झालीय का. एकदा ती पाण्यात उतरायच्या आधी एकाने बाहीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हाताला मोजा का घातलाय?" वहिनी म्हणाली, "पायाचे धुवायला टाकलेत." तो समाधानाने निघून गेला. पण तिला वरची जागा गेल्याचं दुःख होतं, आणि ते तिने लपवलं नाही, निदान माझ्यापासून. संध्याकाळी दुकानातून परतताना मी तिला घ्यायला जायचे. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर ती टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची आणि म्हणायची, "दोन मिनिटं बोलू नकोस." मी बोलत नसे.

रोजच्या व्यायामाने खांदा महिन्यामहिन्याने सुटत गेला. हात आता कानाच्या पाळीपर्यंत जातो, तिथे थांबतो. सरळ हात फेकत पोहणं संपलं. ती कुशीवर पोहते, डावा हात पुढे, उजवा अंगालगत छोटा, आणि पायांची कात्री. संथ दिसतं. मधल्या काळात पुन्हा एकदा संसर्ग झाला, कागदाने बोट कापल्याचं निमित्त होऊन. पण या वेळी तिने लाली दिसल्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी देऊन ठेवलेल्या गोळ्या सुरू केल्या, त्यांना फोन केला, आणि दाखल व्हायची वेळ आली नाही. रक्तदाब मोजणाऱ्याला ती हात पुढे करते तो डावा. वर्षाची तपासणी चुकवत नाही. आदल्या दिवशी घरात कुणाशी धड बोलत नाही, आणि आम्हीही तिच्या वाटेला जात नाही.

फिजिओबाईंच्या खोलीबाहेर एकदा आम्ही बसलो होतो, तर शेजारी एक शाळेतली शिक्षिका होती, नुकतंच ऑपरेशन झालेली, डोक्याला रुमाल. तिचा नवरा तिला समजावत होता, "आता संपलंच की सगळं." वहिनी सहसा दुसऱ्यांच्या बोलण्यात पडत नाही. त्या दिवशी पडली. म्हणाली, "मोठं संपलं. लहान राहतं. हात सुजला, खांदा धरला, दम लागला, तर वय झालं म्हणून गप्प बसू नका. आणि लगेच परत आलंय असंही समजू नका. येऊन दाखवा. मी दोन वर्षं भीतीपायी डॉक्टरांकडे गेलेच नाही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पट्टी बांधायला शिकून घ्या. पण केबलसारखी नको." त्या दोघांना ते केबलचं कळलं नाही, पण शिक्षिकेने वहिनीची बाही हाताने चाचपून पाहिली, आणि मग दोघी बराच वेळ मलमांबद्दल बोलत बसल्या.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने, वहिनीच्या लेकीने, नोकरीजवळ स्वतंत्र घर घेतलं भाड्याने. तिसरा मजला, आणि लिफ्ट बंद. दादाने आधी ती लिफ्ट उघडून बघितली आणि "हिच्यापेक्षा जिने बरे" असा निकाल दिला. सामान बरंच होतं. खरं सांगायचं तर आमच्या घरात असलं कुठलंही काम निघालं की सगळ्यात जड खोका वहिनीच्या हातात असायचा. कुणी मदतीला आलं तर "सरक, तुला नाही जमायचं" हे ठरलेलं. त्या दिवशी ती टेम्पोजवळ उभी राहिली. पुस्तकांच्या खोक्याकडे तिने जरा वेळ पाहिलं. समोरच्या घरातला एक माणूस कुत्र्याला फिरवून परत येत होता, अगदी अनोळखी.

"अहो, ऐकता का," वहिनी म्हणाली, "माझा हा हात कामातून गेलाय. हा खोका तिसऱ्या मजल्यावर न्यायचाय. नेता का?"

त्याने कुत्र्याची साखळी तिच्या डाव्या हातात दिली आणि खोका उचलला. भाचीने माझ्याकडे पाहिलं, "आत्या, आईने मदत मागितली?" मी म्हटलं, गप, वर चल. वरच्या खिडकीतून मी खाली बघितलं, तर वहिनी टेम्पोच्या फळीवर बसली होती, पायाशी परकं कुत्रं, आणि दादाला सांगत होती, गादी उभी धरा, आडवी नाही वळायची.